ताईची हरकत

टॅम्पिनीस, सिंगापूर, रविवार

प्रिय प्रबोध,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग आपली गाडी आज भाजी काय केली यावर येऊन थांबते. म्हणून मेल लिहिते आहे. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. इकडे सगळं ठीक. निशिकांतचं जहाज दुरुस्तीला इथल्याच यार्डात लागलंय, त्यामुळे स्वारी रोज जेवायला घरी असते. इंजिनरूममध्ये सगळ्यांवर ओरडणारा माणूस घरात मीठ कुठे ठेवलंय ते विचारत फिरतो.

आमच्या पुस्तक-भिशीबद्दल तुला मागे बोलले होते. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने पुस्तक निवडायचं आणि खिचडीही तिच्याच घरी. या खेपेला अनघाचं नाव निघालं. तिने आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या एका माणसाची कादंबरी दिली. घानाचा फार्मासिस्ट, चांगला शिकलेला, गावात मान असलेला. अमेरिकेत उतरल्यावर त्याला कळतं की इथे आपण आधी काळे, बाकी जे काही असू ते नंतर. त्यात एक प्रसंग आहे. फोनवर त्याचं खोलीचं पक्कं होतं, तो बॅग घेऊन दारात उभा राहतो, आणि मालकीण अगदी गोड आवाजात सांगते की खोली आत्ताच गेली. तो थँक यू म्हणतो आणि वळतो. ते थँक यू मला सहन झालं नाही. पुस्तक पालथं घातलं आणि उगाच डाळ निवडत बसले.

चर्चेला सगळ्या हळहळल्या. नीताच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मग खिचडी दुसऱ्यांदा वाढून झाली आणि विषय आपापल्या पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटवर गेला. भाड्याने कोणाला द्यावा आणि कोणाला दारातही उभं करू नये, हे प्रत्येकीला तोंडपाठ. त्यात काही खटकावं असं कोणालाच वाटलं नाही. मीही दह्याची वाटी पुढे सरकवत मान हलवत होते.

खरं तर मला आठवायला हवं होतं. गेल्या वर्षी आम्ही इथे घर शोधत होतो तेव्हा नाव ऐकलं की एजंट आधी विचारायचे, स्वयंपाक हेवी की लाइट? एका घराचा मोह पडला म्हणून मी चक्क सांगितलं की आमच्याकडे फोडणी करत नाहीत. आईने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन मागे लागली असती. एवढं करूनही एजंटचा निरोप आला की ओनरची काही हरकत नाही, पण ओनरच्या आईला इंडियन नकोत. मी निशिकांतला म्हटलं, असेल म्हातारी जुन्या वळणाची. आता वाटतं, त्या म्हातारीला कोणी विचारलं तरी होतं का?

आणि मग मंगळवारी तुझा फोन आला. आईचा वारज्याचा फ्लॅट बघायला केनियाची एक मुलगी आली होती, वांजिरू नावाची, विद्यापीठात पीएच.डी. करणारी. तिने गॅलरीतल्या ओव्याचं पान चुरगळून वास घेतला, हे तूच सांगितलंस. मुलगी तुला आवडली होती, तुझा आवाज मला कळतो. पण सोसायटीची भीती वाटली, तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून तू तिला म्हणालास की माझं काही नाही हो, पण सिंगापूरला आमची ताई असते, तिची हरकत आहे. ती थँक यू म्हणून जिना उतरली. हे तू मला हसत सांगितलंस. मी आज भाजी काय केली ते विचारलं आणि फोन ठेवला.

वाईटपणा घ्यायला मोठी बहीण असतेच, ते मला मान्य आहे. तुझ्या लग्नात बॅन्डला नाही म्हणायचं होतं तेव्हाही काकांपुढे माझंच नाव पुढे केलंस, मी हूं की चूं केलं नाही. या वेळी मात्र मला राग आला आहे, आणि फार वाईट वाटलं आहे. आईच्या मागे फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून काल तुला न विचारता दलालाकडून तिचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी सिंगापूरची ताई बोलतेय म्हटल्यावर ती आधी सॉरी म्हणाली. कशाबद्दल, देव जाणे. मी सांगितलं की माझी हरकत नव्हती आणि नाही. येत्या शनिवारी सकाळी ती सामान घेऊन येते आहे. बायको आहे म्हणून शुभदाला पाठवून मोकळा होऊ नकोस, किल्ली तू स्वतः दे आणि तिला वरपर्यंत सोडून ये. सोसायटीत कोणी नाक मुरडलं तर खुशाल माझं नाव सांग. त्याची तुला सवय आहे.

तुझीच,
जयवंतीताई