चार नट आणि बाकीची मालमत्ता

मी, अश्वजित भिकाजी हाटे, वय एकसष्ट वर्षे, धंदा गॅरेज, राहणार महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कर्करोग माझ्या फुफ्फुसांत आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला मूलबाळ नाही. चाळीस वर्षं मी लोकांसमोर उभा राहून बोललो. बोललेलं हवेत विरून जातं, या भरवशावर वक्ता जगतो. माझं एक भाषण विरलं नाही. ते खोडून काढायला हा कागद लागतो आहे.

१. राहतं घर पत्नी शर्मिला हिचं. ती निवृत्त शिक्षिका आहे, घर तिच्याच पगारातून झालं. सात-बाऱ्यावर माझं नाव लागलं ते केवळ तलाठ्याने "घरातला पुरुष कोण?" असं विचारलं म्हणून. ती चूक या कलमाने दुरुस्त होते. बँकेत जे असेल आणि या कागदात दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही, तेही तिचंच. पुराचं पाणी घरात आलं तेव्हा तिने आधी माझी पुस्तकं माळ्यावर चढवली, मग धान्य. ती पुस्तकं तिला योग्य वाटतील त्यांना तिने द्यावीत.

२. धाकटा भाऊ बुद्धरत्न याला माझा लाउडस्पीकरचा संच आणि दोन माइक. गेली तीस वर्षं तो सांगत आला, की दादाच्या आवाजाने त्याची झोप उडते. आता बटण त्याच्या हातात राहील. माझी अकरा पुस्तकं त्याच्याकडे आहेत, तीही त्यानेच ठेवावीत. त्यातलं एखादं उघडावं, एवढीच विनंती.

३. रॅलीच्या गाडीबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. मातीच्या नि घाटाच्या रस्त्यावर शर्यत जिंकायची तर गाडीची चारही चाकं ओढणारी लागतात. अशी परदेशी गाडी दीड-दोन कोटींची. म्हणजे ज्याच्यामागे कंपनी किंवा श्रीमंत बाप, त्याची चार चाकं ओढणार, आणि जो स्वतःच्या कमाईवर उतरतो त्याची दोन. दोघांना एकाच रेषेवर उभं करायचं आणि त्याला स्पर्धा म्हणायचं. मला हे सहन होत नव्हतं. महाडात जन्मलेल्या माणसाला ते सहन होऊ नये.

म्हणून सात वर्षं खपून मी एक सांगाडा तयार केला. अपघातात मोडलेल्या कुठल्याही लहान गाडीखाली तो बसतो. इंजिन तिचंच, मागची ओढ जुन्या जीपच्या सामानातून, आणि चारही चाकांचे भाग एकसारखे, म्हणजे सुटा भाग एकच ठेवला तरी भागतं. सगळी मिळून अकरा लाखांत गाडी उभी राहते. स्पर्धेआधीच्या पहिल्या तपासणीला पुण्याचे एक गृहस्थ खाली वाकून म्हणाले, "हा ट्रॅक्टर कोणी आणला?" त्यांना मी काहीही ठेवत नाही.

चाकणच्या एका कंपनीने हे आराखडे विकत मागितले आहेत, दुसऱ्या कोणी बनवू नये या अटीवर. मी नाही म्हटलं, आणि माझ्यामागे कोणी हो म्हणू नये. आराखडे सगळ्यांचे. ज्याला बनवायचं त्याने बनवावं, विकावं, सुधारावं. अट एकच: या मृत्युपत्राचं चौथं कलम आराखड्यांचं पहिलं पान म्हणून छापलेलं असलं पाहिजे. ते पान काढणाऱ्याला बाकीच्या पानांवर हक्क नाही.

४. ही गाडी चालवायला मला जितेश मिळाला. जितेश आबाजी ढेबे, कापड्याच्या वरच्या धनगरवाडीचा, वय एकोणतीस. पोलादपूर ते महाबळेश्वर प्रवासी जीप चालवायचा. आंबेनळीचं प्रत्येक वळण त्याच्या पायांना पाठ होतं. त्याचे वडील आबाजी पहिल्यांदा गॅरेजवर आले तेव्हा त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही, उपास आहे म्हणाले. मी मोजत गेलो. त्यांना आठवड्यात पाच उपास निघाले. जितेश मात्र शर्मिलाच्या हातची भाकरी उभ्या उभ्या खायचा आणि वडिलांना जाऊन सांगायचाही.

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे, आणि तो मीच घातला. नट ताण मोजणाऱ्या पान्याने पक्का आवळला, की आवळणाऱ्याने त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. ज्याने आवळला त्यानेच. रेघ म्हणजे त्या माणसाचा शब्द.

वीस मार्च २०२४ ला चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र येणार होता. मला ही गाडी ट्रकवर नेऊन, तिथे मांडून बोलायचं होतं. एकोणीस तारखेला एक मुलगी गाडीचा खालून व्हिडिओ काढायला आली. मागच्या चाकांना ओढ नेणाऱ्या लांब शाफ्टचे चार नट तेव्हा हातानेच फिरवून ठेवले होते. व्हिडिओत काम अर्धवट दिसू नये म्हणून मी चारही नटांवर रेघा ओढल्या. उद्या परत आलो की आवळू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझं भाषण झालं. रस्ता सगळ्यांचा असेल तर वेग मूठभरांचा का, असं मी विचारलं आणि लोक उठून उभे राहिले. त्या नशेत मी चार नट विसरलो.

तेवीस तारखेला सकाळी, सरावाआधी, माझा मुख्य मेकॅनिक भरत गाडीखाली होता. त्याने विचारलं, "दादा, शाफ्टचे एकदा बघून घेऊ का?"

मी म्हटलं, "रेघ दिसत नाय का?"

"दिसते."

"कोणाची आहे?"

"तुमची."

"मग बाहेर ये."

दोन तासांनी, खाणीच्या बंद रस्त्यावर, शाफ्ट पुढच्या टोकाला सुटला, खाली पडून मातीत रुतला आणि त्यावरून गाडी उलटून दरीत गेली. जितेश जागीच गेला. क्रेनबरोबर दरीत मीच उतरलो. शाफ्टचं ते टोक मी पाहिलं. बोल्ट तुटले नव्हते, आटे शाबूत होते. म्हणजे नट तुटले नाहीत, फिरून निघाले. मी ते टोक पोत्यात गुंडाळून गॅरेजच्या कपाटात ठेवलं आणि जबाबात सांगितलं, की वेग आवरला नाही. पोलिसांनी मी सांगितलं ते लिहून घेतलं.

मी खोटं का बोललो? जीव वाचवायला नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर पुण्या-मुंबईचे लोक म्हणतील, गरिबांच्या गाड्या माणसं मारतात. सात वर्षांचं काम आणि त्यामागचं तत्त्व, दोन्ही बुडतील. तत्त्व वाचवायला मी एका मेलेल्या माणसावर आळ घेतला. तत्त्वाच्या नावाने माणूस काय काय करू शकतो, यावर मी जन्मभर वाचलं आणि बोललो होतो.

पुढे कापड्याच्या शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. तिथे मी बोललो, की जितेशच्या धाडसाला रस्ता अपुरा पडला. लोक रडले. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला: पोरगा बेफाम होता. आबाजी पुढच्या रांगेत होते. सभा संपल्यावर त्यांनी मला हात जोडले.

त्या सभेपासून ढेब्यांच्या घरात जितेशचं नाव निघत नाही. त्याची बायको मीना हिने शर्मिलाला सांगितलं, की सासऱ्यांनी त्याचा फोटो पेटीत टाकला. म्हणतात, बापाचं ऐकलं नाही म्हणून मेला.

लिहून ठेवतो: वेग ठीक होता. वळण त्याने बरोबर घेतलं होतं. जितेश ढेबे याचा काडीचा दोष नव्हता. दोष माझा. यापुढे जो ही गाडी बनवेल त्याने शाफ्टच्या नटांना आरपार पिन घालावी आणि शाफ्टभोवती लोखंडी कडं बसवावं, म्हणजे सुटला तरी तो खाली पडणार नाही. गाडी थोडी महाग होईल. होऊ दे.

शाफ्टचं टोक आणि नवा जबाब मी परवा पोलीस ठाण्यात दिला. शिक्षा होईपर्यंत मी असेन असं वाटत नाही. हा माझा पश्चात्ताप कमी आणि सोयीचा उशीर जास्त आहे, हे मला कळतं.

५. गॅरेजची जागा, हत्यारं, वेल्डिंगचं यंत्र आणि सांगाड्याचे साचे भरत गोमाजी तांबे याचे. एकोणीस वर्षं तो माझ्याकडे होता. अपघातानंतर काही न बोलता निघून गेला आणि बाहेरही काही बोलला नाही. त्याने विचारलं होतं, हे सगळ्यांना कळावं. माझ्या नावाची पाटी त्याने उतरवावी.

६. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावेत. शोकसभेत एकानेही भाषण करू नये. कोणाला फारच बोलायचं असेल तर त्याने कापड्याच्या पटांगणात जाऊन चौथं कलम मोठ्याने वाचावं. माझा खोटेपणा जिथे ऐकला गेला तिथेच हेही ऐकलं जावं.

७. पोलादपूरजवळची माझी सव्वा एकर जमीन आबाजी चांगू ढेबे यांना.

हे कलम रद्द केलं आहे. कारण लिहितो.

गेल्या रविवारी मी धनगरवाडीवर गेलो आणि ओसरीवर बसून आबाजींना सगळं सांगितलं. ते म्हशीला वैरण घालत होते. घालतच राहिले. मीनाने आतून येऊन मला निघायला सांगितलं, ते बरोबरच होतं. आज सकाळी मृत्युपत्र पक्कं करायला वकील पूजा साळवी माझ्या घरी आल्या, तर आबाजी दारात उभे. पहिल्या एस.टी.ने उतरले होते. म्हणाले, साक्षीदार मी होणार. पूजाताईंनी समजावलं, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, मिळालेलं धोक्यात येतं.

"मंग ती जमीन खोडा," आबाजी म्हणाले. "मला काय नको. दोन वर्सं मी माज्या पोराला शिव्या घातल्या. तो ऐकायला नव्हता, तरी घातल्या. ह्या माणसाला मी माफ करत नाय, ते पण लिवा. पण कागदावर माजं नाव पायजे. उद्या कोण म्हणाला का वाडीवर कुणाला ठाव नव्हतं, तर माजी सही दाखवा."

त्यांनी चौथं कलम तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी फक्त एवढंच: काडीचा दोष नव्हता.

ही जमीन आता कलम एकप्रमाणे शर्मिलाकडे राहील. वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत, माझ्यासमोर बसून केली.

ठिकाण: महाड
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार
(सही) अश्वजित भिकाजी हाटे

साक्षीदार
१. (सही) ॲड. पूजा साळवी, राहणार महाड
२. (सही) आबाजी चांगू ढेबे, राहणार धनगरवाडी, कापडे. जितेशचा बाप.