दोनशे तीन नवरे आणि एक अँटिव्हायरस

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ नोव्हेंबर १९९७

ती. दादास भागीरथीचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? कल्याणच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतोस, की बाटली खिडकीत नुसती उभी आहे? तिकडे मोहने गावातल्या घरात एकटा राहतोस, निदान दोन वेळचं जेवण तरी नीट करत जा. (सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला टाकणं म्हणजे दोन वेळचं जेवण नव्हे.) आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण मोठ्या भावाला खोटं कशाला लिहू? गेला महिनाभर मला धक्क्यावर धक्के बसताहेत.

आपल्या समाजाच्या वधूवर सूचक मंडळाची सगळी नोंद माझ्याकडे असते. गेल्या वर्षी एका देणगीदाराने मंडळाला जुना कॉम्प्युटर दिला आणि मंडळाला जागा नाही म्हणून तो आमच्या पुढच्या खोलीत आला. (देवांना आत सरकावं लागलं. देव काही बोलले नाहीत, सासूबाई मात्र अजून बोलताहेत.) शाळेतून आल्यावर रोज तासभर बसून मी आठ महिन्यांत दोनशे अकरा मुली आणि दोनशे तीन मुलगे त्यात घातले. मुलींची फाइल वेगळी, मुलग्यांची वेगळी. काम पुरं झाल्यावर ह्यांनी कागदाचे सगळे फॉर्म रद्दीवाल्याला दिले. म्हणे, "आता सगळं आत आहे, बाहेर झुरळं कशाला पाळायची?"

दसरा झाला आणि एका संध्याकाळी मी एका मुलाची उंची दुरुस्त करत असताना पडद्यावरची अक्षरं गळायला लागली. दादा, अक्षरशः गळायला! आधी 'फूट' खाली पडलं, मग 'इंच', मग त्या मुलाचं आडनाव. सगळ्यांचा पडद्याच्या तळाशी ढीग. मला वाटलं, मोतीबिंदू. दुसऱ्या दिवशी रजा टाकून डोळे तपासून आले तर डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग ह्यांना पडद्यासमोर बसवलं. ह्यांनाही तेच दिसलं, तेव्हा मी आधी मशीनचं बटण बंद केलं.

डोंबिवलीत शिवराम म्हणून एकाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याला बोलावलं. त्याने एक नजर टाकली आणि सांगितलं की व्हायरस आहे, कोणाची तरी फ्लॉपी आत गेली असणार. गेली होती! खडवलीच्या एका मुलाने आपली माहिती फ्लॉपीवर पाठवली होती. (केवढा सुधारलेला मुलगा म्हणून मी चार घरी त्याचं कौतुक केलं होतं.) शिवरामने अँटिव्हायरस नावाचं औषध घातलं आणि तो गेला. अक्षरं गळायची थांबली हे खरं, पण पुढचे हाल ऐक. कॉम्प्युटर चालू केला की ते औषध आधी पाऊण तास सगळं तपासायचं. तोवर माझा भात होऊन, जेवण होऊन, भांडीसुद्धा व्हायची. तपासणी संपली की मराठी अक्षरांचा प्रोग्राम उघडायचाच नाही, कारण मशीनमधली सगळी जागा ह्या पहारेकऱ्यानेच अडवलेली. शिवाय दर थोड्या वेळाने पीं पीं करून ओरडायचं. सासूबाई प्रत्येक वेळी दार उघडायला उठायच्या.

आणि मग तो सोमवार आला. मी आत बोंबील तळत होते. हे बाहेरून ओरडले, "अगं, लाल चौकट आलीय! रोग सापडलाय म्हणतंय. काढू का विचारतंय!"

"काढा की!" मी म्हटलं. (तूच सांग, रोग काढू का असं विचारल्यावर नको कोण म्हणेल?)

बोंबील उतरवून बाहेर आले तर मुलग्यांची फाइल नाही. दोनशे अकरा मुली जागच्या जागी, आणि नवरा एकही नाही! ह्यांचा हात अजून बटणावर. माझ्या हातातला झारा खाली पडला तो मला दुसऱ्या दिवशी सापडला. मंडळाचा वधूवर मेळावा तीन आठवड्यांवर, त्याची पुस्तिका छापायला द्यायची, आणि आमच्याकडे नुसत्या नवऱ्या!

शिवरामला फोन लावला. "ताई, व्हायरस गेला ना?" तो खुशीत.

"व्हायरस गेला रे, त्याच्याबरोबर दोनशे तीन नवरे गेले!"

तो म्हणाला, "कधी कधी ते चांगल्या फाइलीलापण रोगी समजतं, ताई. होतं असं." म्हणजे माणसं धडधाकट होती!

आता दुसरं औषध शोधणं आलं. शिवरामकडे आणखी एक भारीतलं होतं, पण त्याला आमचा कॉम्प्युटर लहान पडत होता. ह्यांच्या ऑफिसातल्या चांगदेवने एक फ्लॉपी फुकट दिली. मी सावध झालेली, म्हणून आधी शिवरामच्या दुकानात तपासून घेतली, तर व्हायरसचं औषध असलेल्या त्या फ्लॉपीतच व्हायरस! शेवटी डोंबिवलीचेच बाबुराव म्हणून एक गृहस्थ भेटले. त्यांनी घरी बसून स्वतःच असं एक औषध तयार केलंय. दिसायला साधं, पण पाच मिनिटांत तपासतं, ओरडत नाही आणि पुसण्याआधी फाइलीचं नाव सांगून दोनदा विचारतं. बाबुराव दर शनिवारी नवीन फ्लॉपी घेऊन स्वतः येतात, चहा पिऊन जातात. मी तेच ठेवलं.

पण गेलेले परत आले नाहीत. मग मी आणि ह्यांनी कोळीवाड्यापासून खडवलीपर्यंत घरोघर फिरून नवे फॉर्म भरून घेतले आणि खरा धक्का तिथे बसला. तीच माणसं, पण एकाचीही माहिती पहिल्यासारखी नाही! वर्षभरात कोणी तीन वर्षांनी लहान झालेला, कोणाची 'कायम नोकरी' आता 'धंदा' झालेली. सव्वीस जणांची लग्नं कधीच झाली होती आणि मंडळाला कळवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. एकाने तर बायकोसमोरच फॉर्म मागितला, "असू दे, नाव राहिलेलं बरं." ती बाई लाटणं घेऊन उठली, तेव्हा आम्ही चहा न घेताच निघालो. एवढं करून चौऱ्याण्णव मुलगे जमले. काल मेळावा पार पडला, सहा ठिकाणी बोलणीही सुरू झाली. वय चोरणाऱ्यांना मात्र मी व्यासपीठावरून चांगलं सुनावलं.

तब्येतीला जप.

तुझी,
भागीरथी

ता.क. पत्रासोबत एक फॉर्म आहे. तो तुझ्यासाठी आहे. फाडू नकोस, आधी पुढचं वाच.

ता.क. दुसरा. दादा, रागावू नकोस. त्या गेलेल्या दोनशे तीन जणांत एकशे सतरा नंबरला तू होतास. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, तुला विचारलं तर तू नाहीच म्हणणार, म्हणून मी न विचारता घातलं होतं. (वय बावन्न लिहिलं होतं. छप्पन्न लिहायला हात होईना.) काल मेळाव्यात कल्याणच्या आवडाबाई माझ्याकडे आल्या. दवाखान्यात नर्स आहेत, पन्नाशीच्या, त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी नाव नोंदवायला आल्या होत्या, तेव्हा पडद्यावर त्यांनी तुझी माहिती वाचली होती. नवी पुस्तिका पुढे धरून म्हणाल्या, "ते मोहन्याचे गृहस्थ दिसत नाहीत यात. त्यांचं जमलं का कुठे?" मी नाही म्हटलं, तर त्या जरा हसल्या.

रविवारी त्या आमच्याकडे जेवायला येणार आहेत. तूही ये. ह्या वेळी मी तुला विचारून करतेय.