पहिल्या बेसला चिकटलेला पाय

रविवार, संध्याकाळ. द्वारका, दिल्ली.

आजचं लिहिलंच पाहिजे. आमच्या बेसबॉल क्लबचा या मोसमातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू कोण? आज निवड समितीच्या बैठकीत देशपांडे रोहनसाठी अडून बसले. त्याने कुंपणापार टोलवलेले चेंडू सर्वांनीच पाहिले होते. माझी पसंती शबानाला, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरला. परवाच तिने विचारलं होतं, "काका, पुढच्या वर्षी खेळू का? माझं काम कुणाला दिसतच नाही."

मी कपबशा मांडून समजावलं: पिचर चेंडू टाकत असताना धावपटू पुढच्या बेसकडे चोरून पळतो आणि कॅचरची अचूक फेक त्याला बाद करते. आमच्याविरुद्धच्या सामन्यात गाझियाबाद संघाच्या सर्वांत वेगवान धावपटूचा पाय मात्र पहिल्या बेसला चिकटलेलाच राहिला.

"अच्छा, म्हणजे जे घडलंच नाही त्याला बक्षीस?" देशपांडे हसले.

"बिल्कुल!" मी थेट गाझियाबादच्या कप्तानाला फोन लावला, स्पीकरवर. "तुमचा गडी का पळाला नाही?"

"उस लड़की के सामने? पागल हैं क्या हम!"

मतदानात शबानासाठी देशपांड्यांचा हात सर्वांत आधी वर गेला. त्या चिकटलेल्या पायाची कमाल! शबानाला कळवण्याचा मानही ते मागत होते. छे, तो मी कसा देईन?