कंबोडियाला निघालेला शांत माणूस

६ नोव्हेंबर
ठरलं. कंबोडिया. तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर हवेत. सहा महिने. राहणं-खाणं त्यांचं, तिकीट आपलं. अनुभवी आणि शांत स्वभावाचा माणूस पाहिजे, असं संस्थेच्या वेबसाइटवर लिहिलंय. म्हणजे मीच. पिंप्राळ्यात वीस वर्षं इंग्रजीचा क्लास चालवतोय. सध्या पोरं कमी आहेत, पण ते लोटनमुळे. त्याने पलीकडच्या गल्लीत एसी क्लास काढला. पोरांना गार हवा पाहिजे, ग्रामर कोणाला पाहिजे?
दिपमालाला सांगितलं. ती म्हणाली, जा. इतक्या पटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं. बायकोचा पाठिंबा असावा तर असा.

८ नोव्हेंबर
ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. एक प्रश्न होता, मुलांवर कधी हात उगारला आहे का? लिहिलं, नाही. नुसता उगारून थांबणाऱ्यांतला मी नाही.

९ नोव्हेंबर
फॉर्मसाठी फोटो. नूर महंमदच्या स्टुडिओत. तीनदा काढला, तिन्ही वेळा मी कुणाला तरी मारायला निघालोय असं दिसतं. कॅमेरा खराब. नूर महंमद म्हणतो, "सरजी, मागची भिंत मैं सफेद कर दूँगा, गुस्सा आप खुद निकालो." कॉलर धरली. दोन बटणं तुटली. त्याचीच. हल्ली कपड्यांत दम राहिला नाही.
चौथा फोटो चांगला आला. तोपर्यंत मी दमलो होतो.

१२ नोव्हेंबर
ईमेल. एखाद्या शाळेत काही आठवडे शिकवायचं, मग व्हिडिओ कॉलवर वर्ग घेऊन दाखवायचा. सोबत सूचना. राग आला की मनगटातलं रबर ओढून सोडायचं. मूल बरोबर बोललं की हात वर करून त्याच्याकडून टाळी घ्यायची. याला हाय-फाइव्ह म्हणतात.
माझा क्लास दाखवता येणार नाही. त्याला पालकांची परवानगी लागते, आणि पालक सध्या माझ्याशी बोलत नाहीत. रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक शाळा आहे. तिथे इंग्रजीला मास्तर नाही. दर शनिवारी जाणार.
आजपासून पूर्ण अहिंसा. मनगटाला रबर.

१३ नोव्हेंबर
रबर तुटलं. नाश्त्याच्या आधीच. दुकानदाराने कच्चा माल दिला होता. जाऊन जाब विचारला. गोळ्यांची बरणी फुटली. काचेची बरणी काउंटरवर ठेवतात का कोणी? आता सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार
शाळेचा पहिला दिवस. रावेरच्या पुढे एसटी केळीच्या ट्रॅक्टरमागे अडकली. खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला इंग्रजीत समजावलं. त्याने घडाचा दांडा काढला आणि पाठीत घातला. मग गालावर. मीही सोडलं नाही, पण दांडा त्याच्याकडे होता.
पोचलो तेव्हा एक डोळा मिटलेला. शाळा समितीचे अध्यक्ष जामसिंगभाऊ, त्यांनी कसलासा पाला वाटून लावला. "कोनी मारं, सर?" फार मायेनं विचारलं. पडलो म्हणून सांगितलं.
वर्गात तीसेक पोरं. गंमत म्हणजे मी हात वर केला तर ही पोरं माझ्या हाताकडे बघत बसतात, त्यात काय आहे म्हणून. पिंप्राळ्यात असं होत नाही. जामसिंगभाऊ म्हणाले, "आठे पोरेसले कोनी मारत नही."
तरीच शिस्त नाही.

२३ नोव्हेंबर
जामसिंगभाऊंची पोरगी जिवली, पाचवीत. हुशार आहे, पण हसते. 'आय ॲम अ गर्ल' म्हणताना हसते. मी 'आय ॲम अ टीचर' म्हटलं की जास्तच हसते. रागावर ताबा म्हणून मनगटाची पट्टी ओढायला हात उचलला, तर वाटेत तिचा गाल आला. हसणं बंद. वाक्य पाठ. पद्धत चांगली आहे संस्थेची.

१ डिसेंबर
चौकात माझा सत्कार. निवड अजून व्हायचीय, पण गल्लीला घाई. मोठा फ्लेक्स, 'आंतरराष्ट्रीय शिक्षक प्रेमराज सर यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली माझा दमलेला फोटो. शाल, श्रीफळ. लोटन भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, सर सहा महिने बाहेर, तेवढीच आपल्या पोरांच्या कानांना सुट्टी. लोक हसले. मी शांतपणे उठलो आणि श्रीफळ फेकलं. नेम चुकला, मांडवाच्या खांबावर फुटलं. नारळ फुटणं शुभच. मग लोटनने खुर्ची घातली. कपाळाला टाके पडले.
शाल मरून रंगाची आहे. फोटोत रक्त कळत नाही.

४ डिसेंबर
मेघाच्या सराव पेपरात इंग्रजीचे आठ मार्क गेले. आठ! यंदा दहावी, त्यात बापाचा विषय. एक ठेवून दिली, डाव्या कानाखाली. पट्टी त्या वेळी मनगटात नव्हती, आंघोळीला काढली होती. नाहीतर मी स्वतःला आवरलंच असतं.

६ डिसेंबर
मेघा म्हणते, डाव्या कानाने ऐकू येत नाही. अभ्यास टाळायची नाटकं. दिपमाला तिला घेऊन धुळ्याला माहेरी गेली. तिथे कानाचे डॉक्टर चांगले आहेत. जाताना म्हणाली, "आते आमले लेवाले येवानं नही." न्यायला येऊ नको म्हणते, माझ्या तयारीत खंड पडू नये म्हणून. किती विचार करते.

२१ डिसेंबर
शाळेत सुंदर प्रगती. वर्ग इतका शांत की बाहेर शेळी पाला खाते ते ऐकू येतं. जिवली आता अजिबात हसत नाही.
दिपमालाचा मेसेज, कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर लोकांना ऑपरेशन पाहिजेच असतं. फोन केला, उचलला नाही. मोबाइल भिंतीवर मारला. नवा घ्यावा लागणार, तसाही जुना झाला होता.
घरात फार शांत वाटतं. कंबोडियात असंच असेल. सवय होतेय.

४ जानेवारी, शनिवार
आज डेमो. रेंज फक्त ओट्यावर, म्हणून वर्ग ओट्यावर. जामसिंगभाऊंनी मोबाइल धरला. पलीकडे संस्थेच्या हेलन मॅडम. मी केळं दाखवून विचारलं, 'व्हॉट इज धिस?' जिवली उठली. 'धिस इज अ बनाना, सर.' स्पष्ट, एका दमात. माझा ऊर भरून आला. खरंच. सूचना आठवली. हाय-फाइव्हसाठी हात वर केला.
जिवली मटकन खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर. तिच्यामागे सगळी पोरं. तीस डोकी एकदम खाली. ओट्यावर मी एकटा उभा, एका हातात केळं, दुसरा हात वर.
मॅडमनी विचारलं, हा खेळ आहे का? मी म्हटलं, येस, लोकल गेम. त्यांनी जिवलीला विचारलं, 'डू यू लाइक धिस गेम?' जिवली डोकं वर न करता म्हणाली, 'नो.' उच्चार उत्तम. मी शिकवलेला.
कॉल संपल्यावर जामसिंगभाऊ जवळ आले. मला वाटलं, आता मारतात. ते हळूच म्हणाले, "तुमी येवाना पह्यले आमना पोरेसले हाई वाकणं येत नव्हतं, सर. हाई तुमीच शिकाडं." आणि पोरीला उचलून घेऊन गेले.
मारलं असतं तर बरं झालं असतं.

८ जानेवारी
ईमेल. नाही म्हणाले. स्पर्धा फार होती म्हणे.
फ्लेक्स काढायला गेलो. निघेना. माझाच चेहरा वरून दमून बघत होता. तोंडावर बुक्की मारली. मागे लोखंडी खांब होता.

९ जानेवारी
उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्याने लिहितोय. कंबोडियाचं हवामान तसंही मला मानवलं नसतं. लोटन बघायला आला होता. त्याला मारता आलं नाही.

१९ जानेवारी, धुळे
दिपमालाने दार अर्धंच उघडलं. प्लास्टर बघितल्यावर आत घेतलं. चहा दिला.
मेघाचा पूर्वपरीक्षेचा पेपर टेबलावर होता. इंग्रजी, ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. फार आनंद झाला. ती माझ्या बाजूला उभी होती. उजवा हात गळ्यात, म्हणून डावा वर केला. हाय-फाइव्हसाठी.
मेघा खाली बसली. हात कानावर.
मी म्हटलं, बेटा, टाळी. टाळी दे. तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला होतो.
दिपमाला दारात उभी होती.
हात तसाच वर ठेवला. खाली आणला असता तर पोरीला वाटलं असतं, मारतोय.