मड्डमच्या देशातली पोरींची नावं

१० जानेवारी ४५. भिंगार कँप
पारनेरहून भावाचा निरोप. काल चौथी मुलगी झाली. बारशाला ये, नाव आत्यानं ठेवायचं. माझ्या मोठ्या तिघी बहिणी गेल्या, आत्या म्हणून मीच उरले. नाव पण सांगून धाडलंय. नकोशी. म्हणजे माझंच. मी चौथी, माझ्या पाठीवर हा भाऊ झाला. नावाचा गुण आला म्हणतात अजून.
जेवले नाही.

१२ जाने.
मड्डमला सातवा महिना. तिच्या आईनं आयर्लंडहून कागद धाडलाय, सगळी पोरींचीच नावं. दुसरी पण मुलगीच हवी आहे तिला. मी घड्या ठेवत होते, तर बसवून वाचून दाखवला, अर्थासकट.
निव्ह – उजेड. एथ्ना – दाण्यातला गर. रोशीन – लहानसा गुलाब. ब्रीड – ताकद. मेव्ह – नशा आणणारी. (पारनेरात हे ठेवलं की पोरीचं लग्न झालंच.)
विचारलं, नको असलेली, असं नाव असतं का तुमच्यात? लई विचार केला तिनं. म्हणाली देर्द्रा, म्हणजे दुःख. जुन्या गोष्टीतली पोर, तिच्यापायी माणसं भांडून मेली. म्हणजे ते दुःखसुद्धा, ती सगळ्यांना हवी होती म्हणून.
मग म्हणते, "आया, तुमारा नाम क्या?" चाकरीला चार वर्षं झाल्यावर. सांगितलं. "मतलब?"
लाडकी, म्हटलं. खरं सांगून तिची कीव कशाला घ्यायची.

१४ जाने. संक्रांत
चहाला आलेल्या मड्डमांना सांगत होती, आमच्या आयाचं नाव म्हणजे लाडकी. कासमभाई खानसामा किटली घेऊन उभाच. आत येऊन म्हणतो, "लाडकीबाई, जरा कांदे चिरा."
म्हटलं, सुरी माझ्याच हातात हाय, ध्यानात ठेवा.
त्याला तिळगूळ दिला नाही.

१६ जाने.
मड्डम आता तिच्या थोरलीला, ऊनाबेबीला, लाडानं नकोशी म्हणायला लागली. तीन वर्षांची पोर. बागेतून हाक मारली की हात पसरून पळत येते, हसत. आज पाच-सहा वेळा.
मीही अशीच पळत जात असेन. कळेपर्यंत.

१७ जाने.
राहवलं नाही, खरं सांगितलं. मड्डमनं पोर उचलून छातीशी धरली. मी दुधात काही कालवून पाजलं असावं, तसं बघत होती माझ्याकडं. "मेरी बच्ची को?" एवढंच बोलली.
तुझं असं नाव कोणी ठेवलं, हे नाही विचारलं.
रजा दिली. दोन दिवसांची की कायमची, ते बोलली नाही.

१९ जाने. पारनेर
सर्व्हिस मोटारीनं आले. अंग खिळखिळं. पोरगी सावळी, कानावर लव, सारखी शिंकते. भावाला तोंडावर सांगितलं, ते नाव मी घेणार नाही.
"आक्का, तुज्या नावानं तर मी आलो."
"येऊन काय दिवे लावलेस?"
उठून गेला. बरं वाटलं. तासभरच.
दुपारी भावजय पोरीला पाजत होती. वर न बघताच म्हणाली, "वन्सं, तेच ठिवा."
"वेड लागलं का तुला?"
"कर्जतची पोरगी बघून ठिवलीय त्यांनी. नाव ठिवलं तर पुढच्या खेपेपातूर थांबतो म्हनलेत. न्हाईतर ह्याच उन्हाळ्यात दुसरं लगीन."
उजेड, गर, गुलाब सगळं येताना घोकलं होतं.

२० जाने.
बाया जमल्या. पाळणा बांधलाय, घुगऱ्या शिजल्यात. मी आतल्या खोलीत, पेटीवर वही ठेवून. भावजयीनं नवं लुगडं नेसलंय. मघाशी ओवाळणीचं ताट घ्यायला आली, माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या जागी असते तर मीही तेच मागितलं असतं. मग राग कुणाचा करू.
पोरगी मोठी होऊन विचारील. आत्यानं ठेवलं म्हणून सांगतील. बाप सुटला, आई सुटली.
दुसरं ठेवलं तर आईच्या उरावर सवत. तेही आत्यानंच.
भाऊ दारात येऊन गेला. "आक्का, चल. बाया खोळंबल्यात. पोर रडाया लागली."
येते म्हटलं. अजून उठले नाही.