ऑफसाइडची घरगुती आवृत्ती

२० जुलै, रविवार

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आणि विशेष सांगण्याआधी एक दुरुस्ती.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी परकीय भाषेच्या वर्गाला जाते. ते खोटं होतं. त्याच पत्रात आपल्या संघाचे गेल्या हंगामातले पराभव एकोणीस लिहिले होते, ते वीस आहेत. पण ती नजरचूक होती आणि ही जाणूनबुजून केलेली, तेव्हा दोन्ही एका मापाने मोजू नकोस. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचा आणि घरच्या पत्रात स्वतःची चूक तशीच सोडायची, या विचाराने तीन आठवडे मी नीट जेवले नाही. आईचं म्हणणं, की जेवले नीटच, पण तोंड पाडून जेवले.

मी पंचांच्या वर्गाला जाते. फुटबॉलच्या पंचांच्या. परीक्षा झाली आणि मी पास झाले. आईला ठाऊक आहे, बाबांना नाही. उभी असशील तर आता बस.

आपल्या घरात 'पंच' हा शब्द कधी एकटा येत नाही, मागेपुढे काहीतरी लागलेलंच असतं. बाबांची निळी वही तुला माहीत आहे. नव्या हंगामासाठी ती त्यांनी नव्याने पुठ्ठा लावून सजवली आहे. त्यात ठोकळा आहे, झोपाळू आहे, थोरला विकाऊ आणि धाकटा विकाऊ आहेत. माझ्यासाठी कोणतं नाव निघेल याचा मी बराच विचार केला. घरचं माणूस म्हणून सूट मिळेल असं वाटत नाही.

माझं पहिलं शिक्षण घरात झालं, हे तुझ्यासमोरच झालं. आकडे मी गुणतक्त्यावरून शिकले. तीनचा पाढा विजयाच्या गुणांवरून. आपल्या संघामुळे तो एकवीसच्या पुढे गेला नाही आणि उरलेला आईला शिकवावा लागला. ऑफसाइड मात्र बाबांनी जेवणाच्या टेबलावर स्वतः शिकवला. मिठाची बाटली म्हणजे बचावपटू, खोकल्याचं औषध म्हणजे आपला स्ट्रायकर. चेंडू स्ट्रायकरपर्यंत पोहोचेल त्या क्षणी तो कुठे आहे ते बघायचं, असं बाबांनी सांगितलं आणि मी ते श्रद्धेने पाठ केलं. वर्गात पहिल्याच चाचणीत हाच प्रश्न आला. मी दीड पान लिहिलं, आकृतीसकट. शिकवणारे एक निवृत्त पंच आहेत, फार शांत गृहस्थ. त्यांनी वाचून विचारलं की हे कुठे शिकलात. मी म्हटलं घरी. ते म्हणाले की चाळीस वर्षं गॅलरीतून लोक आपल्याला नेमकं काय ओरडत होते, ते आज कळलं.

कारण बघायचं असतं ते पास देणाऱ्याच्या पायातून चेंडू निघतो त्या क्षणी. पोहोचतो तेव्हा नाही.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. दर वर्षी हंगामाच्या आदल्या रविवारी बाबा पडदे ओढून ती कॅसेट लावतात. एकोणीस वर्षांपूर्वीचा शेवटचा सामना, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, तो गोल मिळाला असता तर आपण वरच्या श्रेणीत गेलो असतो. 'चोरलेला गोल.' बाबा केस कापायला गेले होते तेव्हा मी ती एकटीने लावली आणि पास निघतो तिथे थांबवली. आत्या, आपला खेळाडू दोन पावलं पुढे होता. चेंडू पोहोचेपर्यंत त्यांचे बचावपटू मागे धावत आले, म्हणून तो सगळ्यांना बरोबर वाटला. पंच बरोबर होता. मी कॅसेट जिथे होती तिथपर्यंत मागे फिरवून ठेवली आणि चोर असल्यासारखे हात धुतले.

आता मुद्दा. शनिवारी, सोळा ऑगस्टला, दुपारी तीन वाजता मला पहिला सामना मिळाला आहे. बारा वर्षांखालची मुलं, मी रेषापंच, हातात झेंडा. त्याच दिवशी, त्याच वेळी आपल्या संघाचा सलामीचा सामना आहे. आठ तारखेच्या शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. पहिल्याच वेळी नकार दिला तर पुन्हा विचारणार नाहीत, असं त्या शांत गृहस्थांनी शांतपणे सांगितलं.

आणि गॅलरीत बाबांशेजारची खुर्ची माझी आहे. खुर्ची रिकामी राहिली तर काही आकाश कोसळणार नाही, पण बाबांना पलीकडचा गोल दिसत नाही. दोन हंगाम झाले, हे आईला आणि मलाच ठाऊक. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, तर बाबा म्हणाले की डॉक्टर नदीपलीकडच्या संघाचा आहे, त्याचं काय ऐकायचं. मी शेजारी बसून स्वतःशी पुटपुटल्यासारखं सगळं सांगत असते, डावीकडून गेला, अडवला, कॉर्नर. त्यांना वाटतं पोरीला सवय आहे. मी गेले तर कोण पुटपुटणार?

होकार दिला तर बाबांचे डोळे जातात, नकार दिला तर माझा झेंडा. काय करू ते सांग. थट्टा कर, पण सांगसुद्धा.

लोभ आहे तितका राहू दे, या पत्राने कमी झाला असेल तर तेही कळव.

तुझी भाची


२४ जुलै

चि. भाचीबाईंस,

अ. उ. आ. आणि पंच झालात म्हणून थोडे जास्त.

पत्र वाचून मी इतकी हसले की आमचे हे बाहेरच्या खोलीतून विचारायला आले की कोण गेलं. ते नदीपलीकडचे, त्यामुळे त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज रात्री नाचले असते, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही.

तुझ्या महान शोधाबद्दल. बाई, मी त्या दिवशी तुझ्या बापाच्या शेजारीच बसले होते. खास त्या सामन्यासाठी सहा तास प्रवास करून आले होते. पास निघाला तेव्हाच मला दिसलं की आपला पठ्ठ्या पुढे उभा आहे. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुझ्या बापाने मला मिठी मारली. पंचेचाळीस वर्षांत पहिली आणि शेवटची. मग झेंडा वर गेला आणि तो रडायला लागला. त्या क्षणी नियमांवर व्याख्यान द्यायला मी काही शांत निवृत्त गृहस्थ नव्हते. नंतर एकेक वर्ष गेलं, आणि आता एकोणीस वर्षांनी सांगितलं तर विचारेल की इतके दिवस तोंडाला काय झालं होतं. तेव्हा त्या दोन पावलांत मीही उभी आहे, हे लक्षात ठेव.

सल्ला विचारलास म्हणून देते. गोलाचं राहू दे. एका वेळी एकच वाईट बातमी द्यावी, आणि मुलगी पंच झाली ही त्या घरात पुरेशी वाईट आहे. पण सांग मात्र. नकार दिलास तर तू बापासाठी त्याग केलास असं तुला वाटेल, आणि मग पुढची तीस वर्षं मनातल्या मनात त्याच्या नावाने खडे फोडशील. त्यापेक्षा त्याने तुझ्या तोंडावर फोडलेले बरे. लवकर संपतं.

डोळ्यांचं मला माहीत नव्हतं. त्याचा विचार करते.

तुझ्या आईला म्हणावं, तिने दोन हंगाम हे पोटात ठेवलं याबद्दल तिला चषक द्यायला हवा. संघाला मिळायची चिन्हं नाहीत.

माया आहेच, ती काही निकालावर अवलंबून नाही.

आत्या


२६ जुलै, शनिवार

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

नव्या हंगामाची तयारी उत्तम चालू आहे. नवा प्रशिक्षक आला, सहा वर्षांतला सातवा. वर्तमानपत्रात म्हणतो की आम्ही भविष्य घडवतो आहोत. आम्हाला एखादा शनिवार घडला तरी चालेल. गेल्या वर्षी आपल्या गोलरक्षकाने इतके गोल आत जाऊ दिले की जाळ्याची दुरुस्ती करावी लागली, तर त्याला या वर्षी कर्णधार केलं आहे. अनुभव आहे म्हणतात. नवा स्ट्रायकर आणलाय, तो दुखापतीतून सावरतो आहे. कसली दुखापत विचारलं तर मैदानाच्या दारावरचा माळी म्हणाला, गाडीतून उतरताना झाली. तरीही सांगतो, या वर्षी आपण वर जाणार. हसू नकोस.

लिहायचं कारण वेगळं आहे. पोरीचं काहीतरी बिनसलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी भाषेच्या वर्गाला म्हणून जाते आणि चिखलाचे बूट घेऊन परत येते. कोणती भाषा चिखलात शिकवतात? मी तीस वर्षं डेपोत बसच्या वेळा लावल्या. ती ज्या वेळेला निघते त्या वेळेला घराजवळच्या थांब्यावरून एकच बस जाते, आणि ती नदीपलीकडे जाते. त्यांच्या सरावाच्या मैदानापर्यंत. ताई, पोरीने परस्पर लग्न ठरवलं असतं तर मी दोन दिवस बोललो नसतो आणि तिसऱ्या दिवशी जावयाला चहाला बोलावलं असतं. पण हे? तुझ्या घरात एक नदीपलीकडचा आहे, तेव्हा लक्षणं तुला ठाऊक असतील. सुरुवात कशी होते?

दुसरं, आणि हे फाडून टाक. मला पलीकडचा गोल दिसत नाही. अलीकडचाही उन्हात दिसत नाही. पोरगी शेजारी बसून सगळं सांगते आणि मला कळलेलं नाही असं तिला वाटतं. मी कळू देत नाही, कारण कळलं तर ती लाजून गप्प बसेल. आणि ती सांगते तसं कुणी सांगत नाही. आपला फाउल झाला तर आपला झाला म्हणते. मी इकडे पंचाच्या नावाने ओरडतो आणि ती शेजारी हळूच म्हणते की तो बरोबर होता. अख्ख्या गॅलरीत खरं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे. ती तिकडे गेली तर मी सामना कसा बघू?

तू विचार तिला. मी विचारलं तर तावातावाने बोलेन.

लोभ वाढवण्याइतकं माझ्याकडून काही घडलेलं नाही, आहे तोच चालू ठेव.

तुझा भाऊ


२९ जुलै

चि. भावास,

अ. आ. मुलगी नदीपलीकडच्यांना सामील झालेली नाही. त्या बसला मधे नऊ थांबे आहेत, हे तूच लावलेल्या वेळापत्रकात आहे. याहून जास्त मी सांगणार नाही, विचारूही नकोस. सुरुवात कशी होते विचारतोस, तर आमच्या ह्यांच्या बाबतीत ती जन्मापासूनच होती आणि उपाय नाही.

मोतीबिंदू काढून घे. डॉक्टर कोणत्याही संघाचा असला तरी डोळा तुझाच राहतो.

ताई


३० जुलै

चि. भाचीस,

अ. उ. आ.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. तिथला पहिला नियम असा, की दोन्ही बाजूंचं ऐकू आलं तरी मधे बोलायचं नाही. तो नियम या आठवड्यात जितका जड गेला तितका पूर्वी कधी गेला नव्हता. माझ्याकडे आणखी एक पत्र आलं आहे, एवढं सांगते. कुणाचं आणि काय ते सांगणार नाही. कोण असेल याचा विचार करायला तुला फार डोकं लागणार नाही, पण केलास तरी मला कळवू नकोस.

फक्त दोन गोष्टी. एक, तुझ्या बापाला तू समजतेस त्यापेक्षा जास्त कळतं, आणि तो समजतो त्यापेक्षा फार कमी. दोन, उशीर करू नकोस. तुझ्या गप्प बसण्यातून लोक असे निष्कर्ष काढतायत की पंच झालीस हे ऐकून कदाचित हायसं वाटेल.

आत्या


३ ऑगस्ट, रविवार

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पत्र कुणाचं ते तू सांगितलं नाहीस आणि मी ओळखलं नाही, असं आपण दोघींनी धरून चालू.

काल जेवताना बाबांनी सहज विचारलं की तुमच्या त्या भाषेत नदीला काय म्हणतात. मला ठसका लागला. आईने पाणी दिलं आणि बाबांना म्हणाली की तिच्या परीक्षेत नदी नव्हती. बाबांनी यावर भात चिवडला. मग म्हणाले की पोहायला येत नसेल तर माणसाने पलीकडे जाऊ नये. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याऐवजी ताटं उचलली.

तुझं अर्धं ऐकणार आहे. झेंड्याचं सांगेन. गोलाचं मी होऊन काढणार नाही, पण ते विचारतील. पंच झालीस तर सांग बघू, तो गोल होता की नव्हता, असं विचारल्याशिवाय बाबा राहणार नाहीत. विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. भाषेचं एकच खोटं बोलले, तर तीन आठवडे गेले. तुझं नाव मात्र त्यात येणार नाही.

आणि एक गोष्ट मी स्वतः ठरवली आहे, ती बरोबर की चूक ते माहीत नाही. मी काल ते मुलांचं मैदान बघून आले. तिथे गॅलरी नाही, रेषेपासून दोन हातांवर एक लांब बाक आहे. मैदानही लहान. मी बाकावर बसून पाहिलं, मग डोळे बारीक करून पाहिलं, मग बाबांसारखं धूसर दिसावं म्हणून त्यांचा जुना चष्मा पिशवीतून काढून लावून पाहिलं. मैदान साफ करणाऱ्या बाईने मला बरं वाटतंय ना विचारलं. आत्या, तिथून दोन्ही गोल दिसतात. कुणी पुटपुटायला नको.

म्हणून मी बाबांना विचारणार आहे की सोळा तारखेला तुम्ही आपल्या संघाला सोडून माझ्या सामन्याला याल का. एकतीस वर्षांत त्यांनी सलामीचा सामना चुकवलेला नाही. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मध्यंतरात आले होते. तेव्हा मी काय मागते आहे हे मला कळतं, आणि नाही म्हणाले तर राग धरणार नाही, असं मी आत्ता तरी लिहून ठेवते. ते आले नाहीत तरी शुक्रवारी मी होकार कळवणार.

बाबांना सांगायचा दिवस ठरवायला वेळ लागला. मंगळवारी वर्ग आहे. बुधवारी आपल्या संघाचा सरावाचा सामना आहे, आणि तो काही जिंकणार नाही. हरल्यावर बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाहीत, संध्याकाळच्या चहानंतर माणसात येतात. छापखाना साडेपाचला सुटतो, चालत घरी यायला चाळीस मिनिटं. बस घेणार नाही, बसमुळे गैरसमज होतात.

तुझा लोभ नेहमीचाच असू दे. फक्त गुरुवारी, सात ऑगस्टला, संध्याकाळी साडेसहा वाजता थोडा जास्त.

तुझी भाची