मुंगीची गाडी आणि माझा कान

३ जानेवारी, सकाळ

रोजनिशी सुरू. मुंगीने फोनमध्ये सोय करून दिलीय: मी बोलायचं, फोनने लिहायचं. तारीखही तोच घालतो. मला अक्षरओळख नाही, तेव्हा हे कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. मन मोकळं करायला इतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नाही.

मुंगी म्हणजे माझी नात. पाळण्यात होती तेव्हाचं नाव, आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. आमचं गॅरेज तीच चालवते. तिची आई, म्हणजे माझी सून, दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते आणि घरी आल्यावर माझं आटवते.

ठराव: सुनेशी वाद नाही. चहात साखर नाही. मुंगीच्या गाडीवर जातीने लक्ष.

३ जानेवारी, संध्याकाळ

सुनेशी वाद. नंतर चहा. साखर घातली, कारण वाद झाला होता.

९ जानेवारी

मुंगीला मार्चमध्ये चढाच्या शर्यतीत उतरायचंय. डोंगराचा रस्ता, एकेक गाडी सोडतात, जी लवकर माथ्यावर पोचेल ती पहिली. मुंगीची गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. आता तिला आणखी हवा कोंबायचीय, त्याला बूस्ट वाढवणं म्हणतात. पण हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापाने वाढायला हवं. नुसतं फुंकत राहिलं आणि पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून करपतं. म्हणून पंप मोठा, आत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे, फिल्टर मोठा.

मी म्हटलं, पाहुणे वाढवले की पातेली वाढवायची, एवढंच ना? मुंगी म्हणाली, आजी, इंजिन जुळवून देणाऱ्या ट्यूनरला हेच सांगायला अर्धा दिवस लागला. मला आश्चर्य वाटलं नाही.

१२ जानेवारी

सून म्हणते, वेगाचं वेड चांगलं नाही, पोरीला अडव. मी कशाला अडवू? गाडीत दोष असेल तर मला आधी कळेल.

या गॅरेजचा नियम ह्यांच्यापासूनचा. कुठलीही गाडी माझ्या कानावरून गेल्याशिवाय शटरबाहेर पडत नाही. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत काय खुपतंय ते मुठीतून येतं. मी 'जाऊ दे' म्हटलं की गाडी जाते. नाही म्हटलं की पुन्हा खोलतात.

हे स्वतः एक नंबरचे कारागीर, पण हातोडीच्या आवाजाने ऐन पन्नाशीत कान गेले. शेवटपर्यंत कबूल केलं नाही. म्हणायचे, मला ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात. पुरुषांची जात. तेव्हापासून हात त्यांचे आणि कान माझा. ते गेले, हात मुंगीचे आले. कान तोच आहे.

२० जानेवारी

कुकर बिघडला. शिट्टीच देत नाही. बटाटे करपले, स्वयंपाकघर धुराने भरलं. सून दवाखान्यातून धावत आली, शेजारणीने फोन केला म्हणे. मी म्हटलं, नवा कुकर आण. सून म्हणाली, शिट्ट्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. शेजारीण काय वाट्टेल ते सांगते. तिला दुसरा उद्योग नाही.

ठराव: स्वयंपाकघरात कमी, गॅरेजमध्ये जास्त.

२८ जानेवारी

पंप आला. इंजेक्टर आले. फिल्टर यायचाय. मुंगीने खोकी माझ्यासमोर उघडली, एकेक वस्तू हातात दिली. पंप हातात असताना थरथरत होता. मी म्हटलं, जिवंत आहे गं. ती हसली नाही. माझ्या हाताकडे बघत होती.

थंडी आहे. चहासुद्धा बशीत सांडतो. हल्ली कप धड धरवतील असे करतच नाहीत.

४ फेब्रुवारी

सुनेने जेवताना विषय काढला. ओळखीचा कानाचा डॉक्टर आहे, नुसतं तपासून येऊ, दुखत नाही. मी म्हटलं, तुझ्या दारात आजारी लोकांची रांग असते, म्हणून तुला सगळेच आजारी दिसतात. ती मोठ्याने बोलली. ती हल्ली मोठ्यानेच बोलते, काय स्वभाव झालाय. मुंगीचं उलट, मान खाली घालून पुटपुटते. माणसाला मधलं काही जमतच नाही का?

मुंगी म्हणाली, आई, राहू दे. आजीचा कान गेला तर गॅरेजचं काय उरलं? हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

ठराव: मुंगीला स्पष्ट बोलायची सवय लावणे.

५ फेब्रुवारी

या वर्षी खिडकीत पाखरं येत नाहीत. म्हणजे दिसतात. पण मुकी आहेत.

१८ फेब्रुवारी

मागची सीट काढून टाकीत नवा पंप बसवला. इंजेक्टरही बसले. मुंगीच्या केसांना, हातांना, भाकरीलासुद्धा पेट्रोलचा वास. फिल्टर अजून वाटेत आहे, तोवर जुनाच ठेवलाय. मोठी पातेली, मोठा डाव आणि मध्ये तीच बारीक गाळणी. मुंगी म्हणाली, नवा आल्याशिवाय बूस्ट वाढवायचा नाही. शहाणी आहे. माझ्यावर गेलीय.

इंजिन सुरू केलं. मी मूठ कानाला लावली. मुंगीने विचारलं, मोठे इंजेक्टर टिकटिक करतात, येतेय ऐकू? मी म्हटलं, घड्याळासारखी.

आवाज कानातच यावा लागतो असं नाही. हातातून येतो, कोपरातून येतो. ज्याला कळतं त्याला कळतं.

२ मार्च

ट्यूनरच्या शेडमध्ये गेलो. हा उंटावरचा शहाणा गाडीला लॅपटॉप जोडतो आणि बटणं दाबून इंजिनाला शिस्त लावतो. गाडी रोलरवर चढवून पट्ट्यांनी बांधली. चाकं जागच्या जागी धावतात. मला म्हणाला, आजी, तुम्ही बाहेर बसा, इथे कान फुटतील. आणि कानावर घालायला मोठे डबे दिले. मी म्हटलं, बाळा, ते तू घाल, तुझं काम डोळ्यांचं आहे.

शर्यत तोंडावर आलीय आणि फिल्टर आलेला नाही. मुंगी म्हणाली, जुन्यावरच एकदा बूस्ट वाढवून बघू. बघितलं. लॅपटॉपवर लाल रेघा. ट्यूनरने गाडी थांबवली. म्हणाला, नॉकिंग आहे, आत ठोके पडतायत, पेट्रोल कमी पडतंय, बूस्ट खाली आणा, नाहीतर शर्यत सोडा. पिस्टन जाईल.

मुंगीने माझ्याकडे बघितलं.

तिने बघितलं तेव्हा बरं वाटलं, हे इथे बोलून ठेवते. शेडमध्ये इतकी माणसं, इतकी यंत्रं, आणि पोरीने माझ्याकडे बघितलं.

पुन्हा चालवायला लावली. मी मूठ कानाला लावून डोळे मिटले. थरथर छान, एकसारखी. मी म्हटलं, नॉकिंग नाही. इंजेक्टरची टिकटिक आहे, तुझं यंत्र टिकटिकीला घाबरतंय. ट्यूनर म्हणाला, कधी कधी होतं तसं, आजी, पण हे तसं नाही. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी इंजिनं ऐकतेय.

मुंगी माझ्या कानाशी आली. आजी, नक्की? पुन्हा विचारलं, आजी, नक्की ना?

जाऊ दे, मी म्हटलं.

मुंगीने ट्यूनरला सांगितलं, लाल रेघेची मर्यादा वर ने. त्याने नेली. नेताना म्हणाला, गाडी तुमची, निर्णय तुमचा, पण मी हिच्यात बसणार नाही. न बसो. कोणी बोलावलंय? लॅपटॉप माझ्या कानामागून आला आणि तिखट झाला.

घरी येताना मुंगीने सुनेला काही सांगितलं नाही. मीही नाही. उगाच वाद नको. जानेवारीचा ठराव पाळला.

९ मार्च, पहाटे

आज शर्यत. रात्री झोप छान. स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घेतलाय. सून म्हणाली, कशाला? मी म्हटलं, सवय. बक्षीस घेताना मुंगीने माझा उल्लेख करू नये असं तिला सांगणार आहे. केलाच तर दोन शब्दांत करावा.

९ मार्च

पायथ्याशी दोरीमागे उभ्या होतो, सून आणि मी. मुंगीची पाळी आली. निघण्याआधी काचेतून माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मी मान हलवली. गाडी गेली. पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली.

मी सुनेला सांगत होते, बघ किती शांत चाललीय, लोण्यासारखी. तेवढ्यात आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी. सुनेने माझा दंड धरला, नखं रुतली. मी म्हटलं, काय झालं गं, गाडी तर

मग धूर दिसला.

१० मार्च, दवाखाना

इंजिनातला रॉड तुटून बाहेर आला. तेल तिच्याच चाकांखाली सांडलं. गाडी फिरली, दगडी कठड्यावर आपटली. कठड्यापलीकडे काही नव्हतं.

उजवा हात दोन जागी मोडला. बरगड्या. डोक्याला टाके. जीव वाचला, असं सगळे म्हणतात. मी ते सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

१५ मार्च

गाडी टोचन करून आणली. ट्यूनरने इंजिन खोललं. एक पिस्टन मधोमध वितळून भोक पडलेला, कडा काळ्या. कुकरातल्या त्या बटाट्यांसारखा. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि बोलत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला.

दोष कुणाचा ते उघड आहे. फिल्टर पाठवणाऱ्याचा. पेट्रोलमध्येही भेसळ असणार. शिवाय ते वळण फार आवळ आहे, तिथे कुणाचीही गाडी फिरली असती. शिवाय शेडमध्ये पंखा चालू होता, त्याचा आवाज मध्ये येत होता.

पंखा चालू होता का, ते आता आठवत नाही.

२४ मार्च

मुंगी घरी आली. हात गळ्यात. मी तिला भरवते. चमचा तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मा सांडतो. ती मान पुढे करून घेते. शेडमधलं काहीच म्हणत नाही. मी सारखी वाट बघते की आता म्हणेल. आजी, तू नक्की म्हणाली होतीस, एवढंच. मग मी फिल्टरचं सांगेन. सगळं तयार आहे.

सून आता माझ्याशी मोठ्याने बोलत नाही. घर शांत झालंय. फारच.

ठराव: कानाच्या डॉक्टरकडे जाणे. सुनेच्या समाधानासाठी, दुसरं कारण नाही.

३० मार्च

गेले नाही. जिने आहेत तिथे. आणि तपासणीत सगळं ठीक निघालं तर सून तोंडघशी पडेल. या दिवसांत तिला आणखी दुखवायचं नाही.

२ एप्रिल

मुंगीने गॅरेज उघडलं. एका हाताने पाने फिरवते, दातांत स्क्रू धरते. मला बोलावलं नाही. पाच गाड्या माझ्या कानावरून न जाता बाहेर गेल्या. पोर विसरली असेल. औषधं चालू आहेत, माणूस विसरतो.

६ एप्रिल

आज शाळेची व्हॅन आली होती दुरुस्तीला. मुलं ने-आण करणारी. ड्रायव्हर घाईत होता. मी म्हटलं, आता पुरे. नियम म्हणजे नियम, आणि मुलांच्या गाडीला तर नियम हवाच. खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःच गेले. बॉनेट उघडंच होतं. टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

घाई केली असं कुणी म्हणू नये म्हणून बराच वेळ ऐकलं. थरथर छान. एकसारखी. कुठे खुपत नाही, कुठे अडखळत नाही. इतकं गोड इंजिन कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

जाऊ दे, मी म्हटलं.

डोळे उघडले. ड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघत होता. मुंगी माझ्यासमोर उभी होती. व्हॅनची किल्ली तिच्या हातात होती. ती अजून लावायची होती.

मुंगी काहीतरी म्हणाली. ओठ हलले. मी मान डोलावली.

तिने किल्ली बॉनेटच्या कडेवर ठेवली आणि त्याच हाताने स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडून घेतला. तिच्या हातात गेल्यावर त्याची थरथर थांबली.